आकडा नेमका कुठून आला? मेटाडेटा चाळायची आणि लिनिएज काढायची रीत

मार्च संपत आला की नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारांच्या ऑफिसांत एक प्रश्न फिरू लागतो: यंदा माल किती गेला? डॅशबोर्ड एक आकडा देतो, अकाउंट्सचा रिपोर्ट दुसरा, आणि पॅकहाऊस मॅनेजरच्या लॅपटॉपवरची एक्सेल तिसरा. गंमत म्हणजे बऱ्याचदा तिन्ही बरोबर असतात. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. कोणी काय मोजलं हे सांगायचं तर आकड्याचा माग उलटा काढत जावं लागतं, थेट तो पहिल्यांदा कुणीतरी टाइप केला किंवा काट्यावर उमटला तिथपर्यंत. या मागाला लिनिएज म्हणतात. आणि टेबलं, कॉलम, जॉब, रिपोर्ट यांच्याबद्दलची जी माहिती चाळून तो निघतो, तो मेटाडेटा.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. अपेडा या केंद्राच्या कृषिमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही द्राक्षांचा माग ठेवणारी यंत्रणा २००६ पासून हेच करते आहे. युरोपात पोचलेल्या पॅलेटवरून मागे येत माल कुठल्या पॅकहाऊसमध्ये भरला, कुठल्या नोंदणीकृत बागेतून आला, हे सांगता येतं. रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या कीटकनाशकाच्या अंशाची, तक्रार आली तर सगळ्यांच्या मालावर बालंट येण्याऐवजी एका प्लॉटपर्यंत बोट नेता येतं. पेटीला आपण ही शिस्त लावली, पेटीच्या आकड्याला मात्र सहसा लावलेली नसते.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक काल्पनिक कंपनी धरू. पॅकहाऊस दिंडोरी तालुक्यात, ऑफिस नाशिकमध्ये. खरेदी-विक्रीच्या नोंदींना एक ईआरपी सॉफ्टवेअर, काट्याला जोडलेलं वेगळं वजनाचं सॉफ्टवेअर, रात्री चालून डेटा एका जागेतून दुसरीकडे नेणारे ईटीएल जॉब, पोस्टग्रेस या डेटाबेसवरचं वेअरहाऊस (सगळा डेटा एकत्र ठेवायची जागा) आणि वर पॉवर बीआय या रिपोर्टच्या टूलचा डॅशबोर्ड. सातपूर-अंबडच्या कारखान्यात किंवा एखाद्या पतसंस्थेत काम करत असाल तर माल बदलेल, रीत तीच राहील.

आधी आकडा शब्दांत मांडा

टूल उघडायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहा: "या हंगामात निर्यात झालेलं वजन, किलोत." मग त्यातल्या प्रत्येक शब्दाला प्रश्न विचारा. हंगाम म्हणजे काय? नाशिकची निर्यात जानेवारी ते एप्रिल चालते आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे एकच हंगाम दोन वर्षांत चिरला जातो. निर्यात झाली असं कधी म्हणायचं: पेटी भरली त्या दिवशी, कंटेनर न्हावा शेवाला निघाला त्या दिवशी, की शिपिंग बिलाच्या तारखेला? वजन कुठलं: पेटीवर छापलेलं, की काट्यावरचं? पॅकिंग करताना वाटेत ओलावा उडेल म्हणून पनेटमध्ये (द्राक्षांच्या छोट्या डब्यात) थोडं जास्त भरतात, त्यामुळे ही दोन वजनं मुळातच जुळत नाहीत.

उत्तरं आत्ता माहीत नसली तरी चालेल. प्रश्नांची यादी हाताशी असली म्हणजे झालं, कारण पुढचं सगळं काम त्यांची उत्तरं कोडमध्ये शोधण्याचं आहे. हे वाक्य न लिहिता जे लोक थेट टूलमधल्या आकृतीकडे जातात, ते दोन तास बाण बघतात आणि शेवटी हाती काही लागत नाही.

मेटाडेटा चाळताना

पहिली अडचण परवानगीची. पोस्टग्रेसमध्ये इन्फर्मेशन स्कीमाची, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःबद्दलच्या माहितीच्या संचाची, कॉलम्स ही व्ह्यू (टेबलासारखी वाचता येणारी साठवलेली क्वेरी) तुम्हाला फक्त तुमच्या हक्कातले कॉलम दाखवते. कुठली व्ह्यू कुठला कॉलम वापरते हे सांगणारी व्ह्यू कॉलम यूसेज तर त्याहून कंजूष: ज्या टेबलांची मालकी तुमच्या रोलकडे आहे तेवढंच ती सांगते. म्हणजे नुसत्या रीड-ओन्ली अकाउंटने विचारलं तर उत्तर रिकामं येतं आणि आपल्याला वाटतं, कुणी वापरतच नाही. तिथे सिस्टिम कॅटलॉगकडे, म्हणजे डेटाबेसच्या आतल्या नोंदींच्या टेबलांकडे, वळा. पीजी डिपेंड आणि पीजी रीराइट जोडून बघितले की व्ह्यूंचं अवलंबन दिसतं, आणि व्ह्यूचा मजकूर पीजी गेट व्ह्यूडेफ देतं. ओरॅकलमध्ये ऑल डिपेंडन्सीज तुमच्या हक्कापुरतं दाखवते, डीबीए डिपेंडन्सीज सगळं. एसक्यूएल सर्व्हरवर डीबीएकडून (डेटाबेस सांभाळणाऱ्याकडून) व्ह्यू डेफिनिशनची परवानगी मागून घ्या. डेटा वाचायची परवानगी न देताही ती देता येते, त्यामुळे डीबीए फारसे कुरकुरत नाहीत.

आता शोध. वजनाचा कॉलम "वजन" या नावाने सापडेल अशी आशा धरू नका. वेट, डब्ल्यूटी, नेट, केजी, क्यूटीवाय अशी जेवढी रूपं सुचतील तेवढी सगळ्या स्कीमांत शोधा. ईआरपीमध्ये पुष्कळदा "अ‍ॅट्रिब्यूट ७" असल्या नावाच्या कॉलममध्ये महत्त्वाची माहिती बसलेली असते. त्या कॉलमचा अर्थ डेटाबेसमध्ये नसतो, ईआरपीच्या स्क्रीनच्या सेटिंगमध्ये असतो. तिथे स्क्रीनवर माहिती भरणाऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन बसणं हाच जलद मार्ग. कॉलमवर कॉमेंट लिहिलेली असेल तर वाचा, पण ती कधी लिहिली हे कळत नसल्यामुळे तिच्यावर विसंबू नका.

यापेक्षा खात्रीचा पुरावा कॉलममधल्या किमती देतात. सापडलेल्या प्रत्येक कॉलमची सगळ्यात लहान किंमत, सगळ्यात मोठी, रिकाम्या ओळी किती आणि वेगवेगळ्या किमती किती, एवढं काढा. समजा "नेट वजन" नावाच्या कॉलममध्ये हजारो ओळी आहेत आणि किमती मात्र दोनच: ४.५ आणि ५. काट्यावरून आलेलं वजन असं कधीच दिसत नाही, ते ४.५६, ४.६१, ५.०८ असं विखुरलेलं असतं. म्हणजे हे पेटीचं ठरलेलं वजन आहे, नाव काहीही असो. ही पाच मिनिटांची तपासणी अर्ध्या दिवसाच्या मीटिंगपेक्षा जास्त सांगून जाते.

एककाकडेही लक्ष असू द्या. लासलगावच्या मार्केटचा कांदा क्विंटलमध्ये बोलतो, निर्यातीची कागदपत्रं टनात, काटा किलोत. कंपनी दोन्ही माल करत असेल तर एकाच कॉलममध्ये दोन एककं निघू शकतात आणि कुठलं एकक हे सांगणारा कॉलम शेजारी असतोच असं नाही.

जाताजाता जॉबचा लॉगही बघून ठेवा: टेबल शेवटचं कधी भरलं, किती ओळी आल्या, रोज येतात त्याच्या मानाने किती. ज्या टेबलात जानेवारीपासून एकही ओळ आली नाही, ते माग काढायच्या यादीतून काढून टाका.

उलटा माग: रिपोर्टपासून काट्याकडे

सुरुवात रिपोर्टपासून करा. उगमापासून पुढे येऊ लागलात तर एका टेबलाला दहा फाटे फुटतात आणि आपल्याला हवा तो कुठला हे कळत नाही.

पॉवर बीआयमध्ये वर्कस्पेसची लिनिएज व्ह्यू आहे. ती दिसायला निदान कॉन्ट्रिब्यूटरचा रोल लागतो, व्ह्यूअरला दिसत नाही. त्यातून कुठला रिपोर्ट कुठल्या सिमँटिक मॉडेलवर (रिपोर्टमागच्या डेटाच्या मांडणीवर) आणि ते कुठल्या सोर्सवर उभं आहे एवढं कळतं. कॉलमच्या पातळीवर ती उतरत नाही. तिथून मॉडेल उघडा, मेझरचं (डॅशबोर्डवरच्या आकड्याचं) सूत्र वाचा, मग पॉवर क्वेरीच्या (डेटा आत घेताना होणाऱ्या बदलांच्या) पायऱ्या एकेक करून वाचा. कुणीतरी तीन वर्षांपूर्वी टाकलेला "फिल्टर्ड रोज" (ओळी गाळणारी पायरी) इथेच दडून बसलेला असतो.

त्यानंतर वेअरहाऊसची व्ह्यू, तिच्यामागची टेबलं, ती भरणारा ईटीएल जॉब, स्टेजिंग (आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा) आणि शेवटी मूळ सिस्टिम. ईटीएल टूलला स्वतःची लिनिएज असेल तर वापरा, पण तिचे नियम जाणून घ्या. उदाहरणार्थ, सॅप डेटा सर्व्हिसेसच्या मॅनेजमेंट कन्सोलमध्ये इम्पॅक्ट अँड लिनिएज अ‍ॅनालिसिस आहे. रिपॉझिटरीत कॉलम मॅपिंग आधी काढून ठेवलेली नसेल तर तिथलं चित्र अपुरं येतं. वेअरहाऊसमधली टेबलं एसक्यूएलने बनवणारं डीबीटी हे टूल वापरत असाल तर डॉक्युमेंटेशनमधला आलेख रेफ आणि सोर्स या फंक्शनांवरून बनतो. मॉडेलमध्ये कुणी टेबलाचं नाव थेट लिहिलं असेल तर तो धागा आलेखात उमटतच नाही.

प्रत्येक टप्प्याला साध्या शीटमध्ये एक ओळ लिहा: कुठला कॉलम भरला, कुठल्या कॉलमावरून, कुठल्या नियमाने, तो नियम कुठल्या फाइलमध्ये किंवा प्रोसिजरमध्ये आहे, आणि तो जॉब कोण चालवतं. नियम लिहिताना "कॅल्क्युलेट केलं" असं मोघम नको. गुणाकार असेल तर गुणाकार लिहा.

आपल्या कंपनीत हा माग असा निघाला असं समजा. डॅशबोर्डवरचं वजन हे व्ह्यूमधल्या निर्यात किलोची बेरीज आहे. निर्यात किलो म्हणजे पेट्यांची संख्या गुणिले आयटम मास्टरमधलं (मालाच्या प्रकारांच्या यादीतलं) ठरलेलं वजन. पेट्यांची संख्या ईआरपीच्या पॅकिंग लिस्टवरून येते. आणि काटा? काट्याचं वजन वेगळ्या टेबलात जातं, त्यावरून शेतकऱ्याचं पेमेंट होतं, आणि डॅशबोर्डकडे ते वळतच नाही. म्हणजे ज्या आकड्याला सगळं ऑफिस "काट्याचं वजन" म्हणत होतं, त्याचा काट्याशी संबंधच नव्हता.

यात आणखी एक खोच आहे. आयटम मास्टरमध्ये पेटीचं वजन बदललं की जुनी किंमत पुसली जाते, इतिहास राहत नाही. व्ह्यू दर वेळी नव्याने गुणाकार करते. उद्या कुणी त्याच आयटमचं वजन ४.५ चं ५ केलं, तर ३,००० पेट्यांचा गेल्या वर्षीचा लॉट १३,५०० किलोंवरून १५,००० वर जाईल आणि रिपोर्टला कुणी हातही लावलेला नसेल. म्हणून प्रत्येक टप्प्याला विचारा: ही किंमत त्या दिवशीची आहे की आजची?

जे कॉलम आकड्यात दिसत नाहीत, पण आकडा बदलतात

लिनिएजच्या बहुतेक आकृत्या इथे तोकड्या पडतात, आणि माझ्या मते बहुतेक भांडणांचं मूळही इथेच असतं. एखाद्या कॉलमची किंमत पुढच्या कॉलममध्ये उतरते, हा झाला सरळ संबंध. पण क्वेरीच्या वेअर (गाळणी), जॉइन (टेबलं जोडणं) आणि ग्रुप बाय (गट करणं) यांमध्ये वापरलेले कॉलम आकड्यात कुठेच दिसत नाहीत, तरी कुठल्या ओळी मोजायच्या हे तेच ठरवतात. ओपनलिनिएज या खुल्या मानकात कॉलमच्या लिनिएजसाठी डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असे दोन प्रकार याच कारणाने ठेवले आहेत. जॉइन, फिल्टर, ग्रुप बाय हे दुसऱ्या प्रकारात मोडतात.

आपल्या उदाहरणात समजा कुणाला डॅशबोर्डवर लॅबचं नाव हवं होतं, म्हणून व्ह्यूमध्ये रेसिड्यू रिपोर्टचं टेबल इनर जॉइनने (दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवणाऱ्या जोडणीने) जोडलं. युरोपच्या मालाचे रिपोर्ट सिस्टिममध्ये असतात, तो माल बरोबर मोजला जातो. बांगलादेशला ट्रकने गेलेल्या मालाची नोंद त्या टेबलात कुणी करतच नाही. तो सगळा माल बेरजेतून गळला. वजनाच्या कॉलमचा माग कितीही काळजीने काढला तरी ही गळती दिसणार नाही, कारण ती वजनाच्या रस्त्यावर नाही, शेजारच्या जॉइनमध्ये आहे. शीटमध्ये यासाठी वेगळा रकाना ठेवा: या टप्प्यावर ओळी कशामुळे वगळल्या किंवा वाढल्या. वाढल्या हेही महत्त्वाचं. एका लॉटचे दोन लॅब रिपोर्ट असतील तर तोच लॉट दोनदा मोजला जातो.

हंगाम आणि आर्थिक वर्षाचा घोळही याच रकान्यात सापडतो. डॅशबोर्ड हंगामाच्या कॉलमवर गाळतो, अकाउंट्स इन्व्हॉइसच्या तारखेवर. वजन एकच, गाळणी दोन.

धागा कुठे तुटतो

तुटायच्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात मोठी एक्सेल. पॅकहाऊसमधून रोज संध्याकाळी शीट येते, कुणीतरी ती शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतं, जॉब ती उचलतो. टूल म्हणतं, उगम ही फाइल. खरा उगम त्या फाइलच्या आधी, एखाद्या सुपरवायझरच्या वहीत असतो. हा टप्पा कुठलंच टूल दाखवणार नाही, तो हाताने लिहावा लागतो: कोण भरतं, कशावरून भरतं, कोण तपासतं.

दुसरी जागा स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला कोड. पोस्टग्रेस फंक्शनचा मजकूर साधी स्ट्रिंग म्हणून साठवतं, त्यामुळे आतली टेबलं अवलंबनाच्या नोंदीत येत नाहीत. आवृत्ती १४ पासून एसक्यूएल फंक्शन बिगिन अ‍ॅटॉमिक या पद्धतीने लिहिलं तर येतात, पण पीएल पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या प्रोसिजरच्या भाषेला ती सोय नाही. डायनॅमिक एसक्यूएल तर ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरच्या नोंदींतूनही निसटतं, कारण टेबलाचं नाव चालवताना जोडलं जातं. अशा वेळी प्रोसिजरचा मजकूर साध्या टेक्स्ट सर्चने शोधा. ओरॅकलमध्ये तो ऑल सोर्समध्ये मिळतो, एसक्यूएल सर्व्हरवर सिस एसक्यूएल मॉड्यूल्समध्ये.

सिलेक्ट स्टारचं, म्हणजे सगळे कॉलम मागणाऱ्या क्वेरीचं, वेगळंच. पोस्टग्रेसच्या व्ह्यूमध्ये स्टार लिहिला तर व्ह्यू बनवतानाच त्याचे कॉलम ठरून जातात. टेबलात नंतर वाढवलेला कॉलम व्ह्यूमध्ये येत नाही. लोक "कॉलम टाकला पण रिपोर्टमध्ये दिसत नाही" म्हणून दिवसभर शोधत बसतात ते यामुळे.

पडताळा: एक लॉट हातात घ्या

शीट भरली म्हणजे माग निघाला असं नाही. टूलने दाखवलेला बाण असो की आपण लिहिलेली ओळ, दोन्ही दावेच आहेत. एक खरा लॉट निवडा आणि तो काट्यापासून डॅशबोर्डपर्यंत प्रत्येक टेबलात शोधा. सोपा लॉट निवडू नका. ३० मार्चला भरलेला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जहाजावर चढलेला, ४.५ किलोच्या पेट्यांचा आणि दोन लॅब रिपोर्ट असलेला लॉट मिळाला तर सगळे नियम एका फटक्यात तपासले जातात.

प्रत्येक टप्प्यावर त्याची किंमत आणि ओळींची संख्या लिहा. एका ओळीच्या दोन झाल्या किंवा ओळ नाहीशी झाली की तिथे थांबा आणि त्या टप्प्याचा कोड पुन्हा वाचा. टेस्ट डेटाबेस असेल तर उलट प्रयोगही करून बघा: मूळ टेबलात त्या लॉटच्या पेट्या एकने वाढवा, जॉब चालवा आणि डॅशबोर्ड नेमका ४.५ ने हलतो का बघा. लाइव्ह डेटाबेसवर हा उद्योग करू नका, हंगामात तर नाहीच.

आता पुढच्या दिशेने

उलटा माग भांडण मिटवायला, पुढचा माग बदल करायला. काट्याच्या सॉफ्टवेअरचा पुरवठादार म्हणाला, नव्या आवृत्तीत वजन किलोऐवजी ग्रॅममध्ये येईल, तर हो म्हणायच्या आधी त्या कॉलमवर पुढे कोण उभं आहे याची यादी हवी. इथे ती शीट उलटी वाचायची, अधिक शेतकऱ्यांचं पेमेंट, अधिक ज्या एक्सेल त्या टेबलाला थेट जोडलेल्या आहेत त्या. या शेवटच्या एक्सेल शोधायला डेटाबेसचा कनेक्शन लॉग उपयोगी पडतो: कुठला यूजर, कुठल्या अ‍ॅप्लिकेशनमधून, कुठल्या वेळी येतो.

पुढच्या मागाचं आणखी एक कारण कायद्यात आहे. शेतकऱ्याचा मोबाइल आणि बँक खातं कंपनीत कुठे कुठे पसरलं आहे हे माहीत हवं. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि काढून टाकायला सांगायचा हक्क आहे. ईआरपीतून नंबर काढला आणि तो स्टेजिंगमध्ये, जुन्या बॅकअप टेबलात आणि तीन एक्सेलमध्ये तसाच राहिला तर काम अर्धवट झालं. हे कॉलम शोधून शीटमध्ये वेगळ्या रंगाने दाखवून ठेवा.

टूल कधी घ्यायचं

एक वेअरहाऊस, दोन-तीन सोर्स आणि वीस-पंचवीस रिपोर्ट असतील तर शीट, कॅटलॉगच्या क्वेरी आणि कॉलमवरच्या कॉमेंट पुरतात. महत्त्वाच्या कॉलमवर कॉमेंट ऑन कॉलमने एका ओळीत अर्थ, एकक आणि उगम लिहा. ती डेटाबेससोबत राहते, माणूस नोकरी सोडून गेला तरी. एसक्यूएल खूप असेल आणि हाताने वाचणं जड जात असेल तर पायथॉनची एसक्यूएलग्लॉट लायब्ररी एसक्यूएल फोडून कॉलमचा माग काढून देते. डायनॅमिक एसक्यूएलपुढे तिचाही इलाज नाही.

जॉब एअरफ्लो या वेळापत्रकाने जॉब चालवणाऱ्या टूलवर असतील तर ओपनलिनिएज जोडून प्रत्यक्ष जॉब चालताना काय वाचलं, काय लिहिलं याच्या नोंदी मार्केझसारख्या ठिकाणी जमवता येतात. कोड वाचून काढलेला माग आणि चालताना नोंदवलेला माग यांत फरक निघाला तर दुसऱ्यावर जास्त भरवसा ठेवा. डेटाहब, ओपनमेटाडेटा, अपाचे अ‍ॅटलास हे मेटाडेटा आणि लिनिएज सांभाळणाऱ्या टूलचे खुले पर्याय आहेत. फुकट मिळाले तरी सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस लागतोच, आणि तो माणूस मिळत नसेल तर शीटच बरी.

विकत घ्यायचं ठरलं तर डेमोत विक्रेत्याचा गोंडस नमुना डेटा बघू नका. तुमच्याकडची सगळ्यात कुरूप स्टोअर्ड प्रोसिजर, एक एक्सेल सोर्स आणि इनर जॉइन असलेली ती व्ह्यू द्या आणि म्हणा, या वजनाच्या कॉलमचा माग काढून दाखवा, बांगलादेशचा माल कुठे गळला हेही दाखवा. शीट आधीच तयार असल्यामुळे बरोबर उत्तर तुम्हाला माहीत असेल.